दोन दिवस, नऊशे रुपये आणि मुंडगोडच्या बाई

मुख्याध्यापकांनी माझं नाव दिलं ते काही कौतुकानं नव्हे. "बाई, सगळ्यात जास्त तक्रारी तुमच्या आठवी क मधूनच येतात, तुम्हीच जाऊन या," म्हणत त्यांनी पत्रक हातात ठेवलं. अहिंसक मार्गाने संघर्ष निवारण, शिक्षकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा, फी ९०० रुपये, जेवण-चहासह. निम्मे शाळेनं दिले, निम्मे माझे. तेव्हा हा अभिप्राय साडेचारशे रुपयांचा समजावा.

आधी रडगाणं उरकते. हॉल सोलापुरात सात रस्त्याजवळ, मार्चअखेरचं ऊन, चाळीस माणसं आणि फिरणारे पंखे दोन. दहाची वेळ दिलेली. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांना सोलापुरी चादर, पाहुण्यांच्या हस्ते आणखी कुणाला तरी चादर, असं करत पावणेबारा वाजले. पहिलं सत्र पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांचं. स्लाइड सगळ्या इंग्रजीत. एका संत्र्यावरून भांडणाऱ्या दोघांची गोष्ट (एकाला साल हवी असते, एकाला रस) त्यांनी रंगवून सांगितली. ती मी बी.एड.ला ऐकली होती, माझ्या शेजारच्या सरांनी डी.एड.ला. जेवण मात्र उत्तम. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी. त्याबद्दल तक्रार नाही.

दुपारनंतर मुंडगोडच्या बाई उभ्या राहिल्या आणि मी पेन उघडलं.

या बाई तिबेटी. कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत वाढलेल्या, पुढं तिबेटी मुलांच्या निवासी शाळेत शिक्षिका. आईवडील हिवाळ्यात गावोगाव स्वेटर विकायचे, म्हणजे आपण जत्रेतल्या खेळण्यांसारखी ज्यांच्याशी घासाघीस करतो ते. बोलत होत्या हिंदीत. पण चहाच्या वेळी आमच्या एका बाईंना त्यांनी "ऊटा आतेनरी?" विचारलं आणि अख्खा कन्नड कोपरा त्यांच्याभोवती गोळा झाला. मुलं त्यांना 'गेन-ला' म्हणतात. गेन म्हणजे गुरुजी, ला म्हणजे आपला 'जी'. दुसऱ्या दिवशी आम्हीही तेच म्हणू लागलो.

त्यांनी सुरुवातच एका फसलेल्या प्रकरणानं केली. तिबेटी शाळांत काही मुलं भारतात जन्मलेली, काही तिबेटमधून हिमालय ओलांडून आलेली, बऱ्याचदा आईबापांशिवाय. २००८ नंतर अशी येणारी फार कमी झाली, पण त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गात दोन्ही असायची. इथल्यांच्या तिबेटीत हिंदी मिसळलेलं, तिकडून आलेल्यांच्या तिबेटीत चिनी. मग एकमेकांच्या बोलण्यावर हसणं आलंच. एकदा एका नव्या पोराला कुणीतरी 'चिनी' म्हटलं. चीनमुळे घर सोडलेल्या पोराला! मारामारी झाली, गेन-लांनी दोघांना हात मिळवायला लावले, नवा पोरगा हसून "जाऊ दे" म्हणाला. "मला वाटलं, किती गुणी. चार दिवसांनी कळलं, तो मेसमध्ये जेवायलाच येत नाही."

त्यांचं म्हणणं, तिबेटी मुलांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की हार आपण घ्यावी, जीत समोरच्याला द्यावी. शिकवण मोठी आहे, पण तेरा वर्षांचं पोरगं तिच्यामागं लपू शकतं आणि शिक्षक तर त्याहून सहज लपतात.

इथं मी पेन खाली ठेवलं. माझ्या वर्गात निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळते. "मी आली" म्हणणाऱ्या पोराला बाकीचे हसतात आणि मी गेली अठरा वर्षं "सॉरी म्हण, हात मिळवा, चला पान नंबर बेचाळीस" एवढंच करत आले.

मग वादाचा सराव. तिबेटी मठांत भिक्षू वाद घालतात तो अनेकांनी व्हिडिओत पाहिला असेल. प्रश्न विचारणारा उभा, उत्तर देणारा जमिनीवर बसलेला. प्रश्न टाकताना उभा असलेला डावा पाय आपटतो आणि उजवा तळहात डाव्यावर सण्णकन मारतो. डावा हात प्रज्ञेचा, उजवा करुणेचा, असं सांगतात. बसलेल्याला मनाला येईल ते बोलता येत नाही. मान्य आहे; का?; हे कारणच खरं नाही; कारण खरं, पण त्यावरून हे ठरत नाही. एवढ्याच उत्तरांत खेळायचं. गेन-ला भांडणारी मुलं अशीच समोरासमोर बसवतात, आणि मग जागा बदलायला लावतात.

आमच्यात मी उभी, शेजारचे सर बसलेले. विषय, आपलं सोलापुरी 'बे'. मी म्हटलं, "तो मला 'काय बे' म्हणाला, म्हणजे त्यानं माझा अपमान केला!" आणि टाळी. सर शांतपणे म्हणाले, "कारण खरं, पण त्यावरून हे ठरत नाही." हॉल हसला. गेन-लांना 'बे' समजावता समजावता पंधरा मिनिटं गेली. शेवटी तो शब्द शिवी की लाड हे समोरचा ठरवतो, एवढ्यावर तडजोड झाली. माझ्या मते ती पंधरा मिनिटं सगळ्यात कामाची होती.

दुसऱ्या दिवशी थोडी कसोटीची वेळ आली. गेन-ला सांगत होत्या की वरच्या वर्गांत खरं भांडण घरातलंच असतं. दलाई लामांनी १९८८ मध्ये स्ट्रासबर्गला चीनच्या चौकटीतच खरी स्वायत्तता मागितली, तो मध्यम मार्ग. पण अनेक तरुणांना रांगझेन हवं, पूर्ण स्वातंत्र्य. दोन्हीकडची मुलं एका बाकावर, आणि अहिंसा दोघांनाही मान्य. तेवढ्यात मागून एक निवृत्त सर उठले, "पण आमचे डॉक्टर कोटणीस चीनसाठीच गेले, ते सोलापूरचे!" हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. गेन-लांनी विचारलं, कधी वारले? सरांनी १९४२ सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. "जपानशी लढणाऱ्या चिनी जखमींवर उपचार करायला गेले होते ना? मुलांना सांगेन. चिनी माणूस आणि चीनचं सरकार वेगळं, हे शिकवताना मला उदाहरणं कमी पडतात." भैय्या चौकाजवळचं कोटणीसांचं स्मारक कुठं आहे हेही विचारून घेतलं.

संयोजकांवर राग याचाच, की अशा बाईंना दोन दिवसांत मिळून जेमतेम चार तास मिळाले. मराठीत एक पान टिपण नाही. पुढं काही अडलं तर विचारायचं कुणाला, तेही नाही. प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट केलेलं.

सोमवारी वर्गात करून पाहिलं. कंपासपेटीवरचं भांडण सुटलं. आधी उभा राहिलेला पोरगा जागा बदलून खाली बसला आणि "मान्य आहे" म्हणताना त्याचा गळा दाटला. गुरुवारचं दुसरं भांडण सुटलं नाही. ते घरापासून आलेलं होतं, दोन भावकीतलं, त्याला माझी टाळी काय पुरणार.

पाचपैकी साडेतीन तारे, त्यातले तीन गेन-लांचे. पुढची बॅच असेल तर आधी फोन करून त्या येणार आहेत का विचारा, नसतील तर पैसे वाचवा. येणार असतील तर पाण्याची बाटली घेऊन पंख्याखाली बसा, आणि अकराच्या आत जाऊ नका. आठवी क मध्ये आता डबा संपल्यावरही कुणीतरी पाय आपटून टाळी मारतं. शेजारच्या वर्गाच्या बाई माझ्याशी बोलत नाहीयेत.