धुपदाळचं घटप्रभा पक्षी अभयारण्य : थंडीत एकदा तरी जावाच

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.

बेळगाव भागात फिरायचं म्हटलं की लोक आंबोली नाहीतर गोकाकचा धबधबा सांगतात, पण त्याच घटप्रभा नदीवर धबधब्याच्या वरच्या अंगाला धुपदाळचा ब्रिटिश काळातला बंधारा हाय, त्याच्या फुगवट्यावर १९७४ पासून हे अभयारण्य आहे. बंधारा बांधला शेतीच्या कालव्यासाठी, पण पाणी उथळ पसरलं, मधी बेटं राहिली, काठाला गवत वाढलं आणि पक्ष्यांना आयतं घर मिळालं.

नोव्हेंबर ते मार्च हाच सीझन. मंगोलिया, कझाकस्तानकडनं कांड्या करकोचे येतात, राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढरे तुरे. रात्री उथळ पाण्यात उभे राहतात आणि उजाडलं की कापणी झालेल्या रानात दाणे टिपायला जातात, म्हणून सूर्य उगवायच्या आधी पोचा, उशीर झाला तर नुसतं रिकामं पाणी बघून परत यावं लागतंय. हळदीकुंकू बदक मात्र नीट बघा हं, काळी चोच, टोकाला हळदीसारखा पिवळा ठिपका आणि कपाळापाशी दोन लालभडक ठिपके, ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला मानलं! कवड्या खंड्या तर पाण्यावर एका जागी पंख फडफडत थांबतो आणि दगड टाकल्यासारखा खाली येतो, मी तासभर तेच बघत बसलेलो.

पक्षी लांब असतात, दुर्बीण नसेल तर मजा नाही. ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते, त्यापेक्षा मोठी हातात हलते.

एक स्टार कापला तो काही पब्लिकमुळं. ब्लूटूथ स्पीकर लावून पार्टी करतात, एक थवा उठला की बाकीचेपण उठतात, हजारो किलोमीटर उडून आलेल्या जीवाला खायच्या टायमाला उठवायचं म्हणजे काय ओ! आणि शेतकरी दादांना विनंती, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत ऊस लावू नका, कडेचं गवत आणि पाणकणीस गेलं तर बदकांनी लपायचं कुठं, घरटं घालायचं कुठं?

मिरज-बेळगाव लाईनवर घटप्रभा स्टेशन हाय, तिथनं धुपदाळ जवळ, रिक्षानं जावा. डबा आणि पाणी घरनंच न्या, भडक कपडे नकोत. येताना गोकाकचं करदंट (गूळ, डिंक आणि सुकामेव्याची मिठाई) घ्या.