आल्जेरी की डंकर्क? विमानविरोधी तोफांच्या अंगाने दोन फ्रेंच युद्धनौकांची तुलना

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील फ्रेंच आरमाराच्या एकाच जहाजाची प्रतिकृती करायची असेल, आणि त्यामागचा हेतू त्या काळचा विमानविरोधी तोफखाना समजून घेण्याचा असेल, तर निवड बहुधा १९३४ साली सेवेत आलेली जड क्रूझर ‘आल्जेरी’ आणि १९३७ सालची युद्धनौका (बॅटलशिप) ‘डंकर्क’ यांच्यापाशी येऊन थांबते. आकाराने, मानाने आणि दरार्‍याने डंकर्क मोठी आहे, यात वाद नाही. तरीही केवळ विमानविरोधी तोफा हा निकष लावला, तर माझे मत आल्जेरीच्या बाजूने पडते.

आल्जेरीवरील १०० मिमी तोफ अचानक अवतरलेली नव्हती. १९२० च्या दशकातील ‘ड्यूकेन’ या क्रूझरवर एकेरी बैठकीच्या (म्हणजे प्रत्येक आधारावर एकच नळी असलेल्या) आठ ७५ मिमी तोफा होत्या आणि त्यांचा गोळा जेमतेम सहा किलोचा होता. पुढे ‘फॉश’ या क्रूझरवर ९० मिमी तोफा आल्या आणि गोळा सुमारे साडेनऊ किलोचा झाला, तर आल्जेरीवर तो साडेतेरा किलोंच्या आसपास पोहोचला. गोळा जितका मोठा, तितका त्याच्या स्फोटाचा घेर मोठा, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी विमानाला इजा होण्याची शक्यता वाढते. मात्र ते ओझे दर वेळी माणसांच्या हातांनीच नळीत सारायचे असल्याने गोळ्याचे वजन एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. १०० मिमी ही तोफ त्या मर्यादेच्या आत राहून केलेली समंजस निवड होती. अशा बारा तोफा सहा दुहेरी बैठकांवर, प्रत्येक बाजूला तीन, अशा मांडलेल्या होत्या. त्यांच्या नळ्या ८० अंशांपर्यंत उचलता येत आणि प्रत्येक नळीतून मिनिटाला साधारण दहा गोळे सुटत. बैठक हलकी, समोर पोलादी ढाल आणि मागची बाजू उघडी, त्यामुळे ती चटकन फिरवता येई. प्रतिकृती करणार्‍यासाठीही ही मोठी जमेची बाजू आहे, कारण तोफेची यंत्रणा आणि गोलंदाजांची उभी राहण्याची जागा डोळ्यांना थेट दिसते.

डंकर्कच्या आराखड्यामागील विचार अधिक धाडसी होता. विनाशिकांवर मारा करणे आणि विमाने पाडणे ही दोन्ही कामे एकाच जातीच्या तोफांनी करावीत, या कल्पनेने तिच्यावर सोळा १३० मिमी तोफा बसवण्यात आल्या. तीन चौनळी बुरूज (तोफांची फिरती, बंद घरे) मागच्या भागात होते आणि मध्यभागी दोन्ही बाजूंना एकेक दुनळी बुरूज होता. एका बाजूला दहा नळ्या रोखता येत असल्याने कागदावर हे गणित फार आकर्षक दिसते. प्रत्यक्षात चौनळी बुरूज सुमारे २०० टनांचा होता, आणि वेगाने दिशा बदलणार्‍या विमानामागे एवढे धूड फिरवणे सोपे नव्हते. गोळा भरण्याची यंत्रणाही नाजूक होती. शिवाय चार नळ्या एकाच बुरुजात असल्यामुळे तिथे बिघाड झाला, तर चारही तोफा एकदम गप्प होण्याचा धोका होता. युद्धनौकेला दोन वेगवेगळ्या तोफखान्यांचे वजन टाळायचे होते, हे कारण पटण्यासारखे आहे; पण वाचवलेल्या वजनाची किंमत विमानविरोधी कामात मोजावी लागली.

जवळून मारा करणार्‍या तोफांच्या बाबतीत दोन्ही जहाजे एकाच दुखण्याची धनी आहेत. दोन्हींवर ३७ मिमी तोफा आणि चार-चार नळ्यांच्या १३.२ मिमी हॉचकिस मशीनगन आहेत. संख्या डंकर्कवर जास्त आहे, एवढाच फरक. ३७ मिमी तोफ अर्धस्वयंचलित होती. गोळा सुटल्यावर रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडे आणि नळीचे मागचे दार उघडे राही, पण पुढचा गोळा माणसाला हातानेच आत ढकलावा लागे. त्यामुळे एका नळीतून मिनिटाला वीसेक गोळेच सुटत. बोफोर्सची ४० मिमी तोफ त्याच वेळात शंभराहून अधिक गोळे झाडू शकत होती. हॉचकिस मशीनगनला वरून तीस गोळ्यांची पेटी खोचावी लागे आणि ती काही सेकंदांतच रिकामी होई. सूर मारून येणार्‍या बॉम्बफेकी विमानासमोर ही विश्रांती घातक होती. ३ मे १९४० रोजी नॉर्वेच्या किनार्‍याजवळ ‘बिझाँ’ आणि १ जून रोजी डंकर्क बंदराजवळ ‘फूद्रॉयाँ’ या फ्रेंच विनाशिका विमानहल्ल्यात गमावल्या, तेव्हा ही उणीव जीवघेणी ठरली. याच हॉचकिस कंपनीच्या २५ मिमी तोफेचा आराखडा घेऊन जपानने आपले आरमार सज्ज केले, आणि फ्रान्सच्या स्वतःच्या जहाजांवर मात्र ती तोफ उशिरा व तुरळक आली, ही गोष्ट मला आजही सलते.

फ्रान्सने युद्धनौका म्हणजे काय याचा नव्याने विचार कसा केला, हे मांडायचे असेल, तर डंकर्क घ्यावी. तिच्या आठही ३३० मिमी तोफा पुढच्या बाजूला, दोन चौनळी बुरुजांत आहेत, आणि त्यामुळेच मागच्या भागात १३० मिमी तोफांना जागा मिळाली. हा संबंध प्रतिकृतीत सुरेख दिसतो. विमानविरोधी तोफ जवळून न्याहाळायची असेल, तर आल्जेरीला पर्याय नाही.

कोणतेही जहाज घेतले तरी आधी वर्ष नक्की करावे आणि मगच ३७ मिमी तोफांना हात घालावा, कारण सुरुवातीच्या एकेरी तोफांच्या जागी पुढे १९३३ च्या नमुन्याच्या दुहेरी तोफा येत गेल्या. बोफोर्स तोफा मात्र या दोन्ही जहाजांवर लावू नयेत. २७ नोव्हेंबर १९४२ रोजी तुलाँ बंदरात फ्रेंच आरमाराने आपली जहाजे स्वतःच नष्ट केली, त्यांत ही दोन्ही होती. बोफोर्सच हव्या असतील, तर १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये दुरुस्त झालेली फ्रेंच युद्धनौका ‘रिशलिए’ निवडावी. तिच्यावर चौदा चौनळी बैठकांवर छप्पन्न बोफोर्स तोफा होत्या.