पोस्टग्रेसचा इंटरव्हल टाइप: हजेरी-ओव्हरटाइमवाल्यांनी वापराच

कामाचे तास, ओव्हरटाइम, कर्जाचे हप्ते असलं काही डेटाबेसमध्ये ठेवायचं असेल तर पोस्टग्रेस या डेटाबेसचा इंटरव्हल टाइप (म्हणजे कालावधी साठवायचा डेटा प्रकार) बिनधास्त घ्या, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये इंटरव्हलचा कॉलमच करता येत नाही, तिथे टाइम नावाच्या टाइपवर भागवावं लागतं आणि तो ८३८ तास ५९ मिनिटं ५९ सेकंदांच्या पुढे जातच नाही. आता साडेआठ तासांची शिफ्ट, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे एका माणसाचे झाले २२१ तास, चार जणांची बेरीज केली की संपली मर्यादा! शिवाय आधी सेकंद करा, मग बेरीज, मग परत टाइम, हा द्राविडी प्राणायाम वेगळाच. पोस्टग्रेसमध्ये थेट सम (बेरीज) लावा, ॲव्हरेज लावा, झालं काम.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे हा महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. म्हणून ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला की बरोबर २९ फेब्रुवारी येते. फक्त त्या २९ फेब्रुवारीत परत एक महिना मिळवला तर २९ मार्च येणार, आणि मूळ ३१ जानेवारीत एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च, त्यामुळे हप्त्यांच्या तारखा काढताना दर वेळी मूळ तारखेपासूनच मोजायचं.

अर्धा स्टार कापला तो एक्स्ट्रॅक्टसाठी, म्हणजे इंटरव्हलमधून तास, दिवस असा एकेक भाग काढणाऱ्या फंक्शनसाठी. समजा कोणी आज सकाळी ९ ला आत आला आणि उद्या दुपारी ३ ला बाहेर पडला, तर वजाबाकीचं उत्तर येतं १ दिवस ६ तास, बरोबरच आहे, पण त्यातून अवर काढला की नुसते ६ मिळतात, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि बिचाऱ्या कामगाराचे २४ तास रिपोर्टमधून गायब. हे पैशाचं काम आहे हो! इथे ईपॉक (म्हणजे एकूण सेकंद) काढून ३६०० ने भागा, ३० तास पूर्ण मिळतात. मात्र इंटरव्हलमध्ये महिने असतील तर ईपॉक सुटा महिना ३० दिवसांचा आणि पूर्ण १२ महिन्यांचं वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरतो. तुलना करताना तर प्रत्येक महिना ३० दिवसांचाच, एक महिना आणि ३० दिवस सारखेच का विचारलं तर हो म्हणतो, म्हणून 'मुदत संपली का' हे तारखांवरूनच तपासा.

बाकी एपीआयला (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे केलेल्या मागणीला) किती मिलिसेकंद लागले एवढंच नोंदवायचं असेल तर साधा इंटिजर पुरे, इंटरव्हलचे १६ बाइट कशाला घालवायचे.