बल्ब चांगलेच होते, तुटली होती वीतभर दांडी

जुनी झेनॉन लाइटवाली (तारेऐवजी वायूतून पेटणारा बल्ब) गाडी घेतली असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर हे पूर्ण वाचा. माझे २७,५०० गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहून राह्यलो. दुकानाचं नाव विचारू नका, पक्कं बिल माझ्याजवळ नाही आणि विनाकारण लफडं नको.

नागपूरच्या एका डॉक्टरकडून २०११ ची जर्मन सेडान घेतली. गावात सगळे हसले, पांदणीत हे गाडी कायले म्हणे. पण मला तिच्या लाइटचंच याड लागलं होतं. दारव्हा-कारंजा रोडनं रात्री येणंजाणं असलं की समजते, तुरीच्या धुऱ्यावरून (बांधावरून) रोही, म्हणजे नीलगाय, कधी समोर येऊन उभा राहील याचा नेम नाही, एकदा जुन्या गाडीचं बोनेट त्यातच गेलं होतं. या गाडीच्या उजेडात रोह्याचे डोळे एवढ्या लांबून चमकायचे की आरामात ब्रेक लागायचा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी शेतातून घरी येताना अचानक मीटरमध्ये लाइटचं पिवळं चिन्ह आलं आणि दोन्ही लाइट खाली पडल्या. विझल्या नाही हं, जळत होत्या, पण उजेड सगळा गाडीच्या नाकासमोर पंधरा-वीस पावलांवर, त्याच्या पुढं गुडुप अंधार. बैलगाडीच्या स्पीडनं घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. दुकान चकाचक, पोरं युनिफॉर्ममध्ये. त्यानं लाइट लावून पाहिली, मान हलवली, "भाऊ, झेनॉनचं असंच असते, दोन्ही बल्ब म्हातारे झाले, दोन्ही बॅलास्ट (बल्बला करंट देणारे डबे) कमजोर झाले, व्होल्टेज नाही भेटून राह्यलं." मी म्हटलं दोन्ही एकाच दिवशी कसे? तर म्हणे, "जोडीचेच असतात ना भाऊ, संगंच जातात." इथंच मी उठून यायला पाहिजे होतं. पण झेनॉन म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं, आणि माणूस ठसक्यात बोलला की आपण मान डोलावतो. "तुम्ही चहा घेऊन या, इथं उभं नका राहू, करंट लय असते," म्हणे. करंटची गोष्ट खरी आहे, हे मागून समजलं, पण मला दूर पाठवायला ती कामी आली.

तीन तासांनी गेलो तर समोरच्या भिंतीवर उजेड पार वरपर्यंत, निळसर पांढरा, डोळे दिपतील असा. मी खूश. बल्बचे ९,५००, बॅलास्टचे १६,०००, मजुरी २,०००, कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं. पिवळं चिन्ह तसंच होतं, त्याबद्दल म्हणे "तो सेन्सर आहे, त्याचं काही नाही, चालते."

वापस येताना समोरचा एकूणएक माणूस डिपर मारत होता, एसटीच्या ड्रायव्हरनं तर खिडकीतून माझ्या मायबापाचा उद्धार केला. आणि पाऊस सुरू झाला की त्या निळ्या उजेडात रस्ता दिसायच्या ऐवजी पावसाचे थेंबच दिसायचे. तरी दोन महिने तसाच चालवत राह्यलो, मूर्ख.

दिवाळीनंतर टायर एका बाजूनं घासायला लागले म्हणून अमरावतीला अलाइनमेंटला गेलो. गाडी लिफ्टवर चढवली आणि तिथला पोरगा खालून ओरडला, "काका, इथं हे काय लोंबकळून राह्यलं?" मागच्या चाकाच्या आर्मला एक वीतभर दांडी असते, दोन्ही टोकांना छोटे बॉलजॉइंट, ती वर एका सेन्सरला जोडलेली. ती तुटून पडली होती. आपली काळी माती पांदणीत चिकटते, वाळली की सिमेंट होते, जॉइंट जाम झाला आणि दांडी मोडली, एवढंच.

मग त्या पोराच्या मालकानं मला समजावून सांगितलं. बैलगाडीत मागं वजन जास्त झालं की ती उलाळ होते, धुऱ्या वर उठतात. कारचंही तेच, डिक्कीत चार कट्टे तूर टाकली की मागून बसते आणि लाइट समोरच्याच्या डोळ्यात. साध्या हॅलोजनमध्ये साधारण १,५०० लुमेन (उजेडाचं माप) असतात, झेनॉनमध्ये ३,२०० च्या आसपास, म्हणून युरोपात नियमच आहे, २,००० लुमेनच्या वरचा बल्ब असला की लेव्हल आपोआप झालीच पाहिजे, आणि काच धुवायचा फवाराही लागतो. आपल्याला वाटते ते हौसेचे फीचर असतात. ती दांडी चाकासोबत वरखाली होते, सेन्सर कंट्रोल युनिटला सांगतो गाडी किती बसली, आणि लाइटच्या आतली छोटी मोटर उजेड तेवढा वरखाली करते. दांडी तुटली की सेन्सरचं काही खरं राहत नाही, मग माझ्या गाडीचं युनिट कोणाचे डोळे दिपू नये म्हणून दोन्ही लाइट खाली पाडून ठेवते. म्हणजे गाडी बिचारी बरोबर वागत होती, आणि पिवळं चिन्ह तेच सांगत होतं!

दांडी १,१०० ची, स्कॅनर लावून लेव्हल सेट करायचे ८००. सेट झालं, चिन्ह गेलं, लाइट लावली, तर उजेड सरळ रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाच्या शेंड्यात. मालक हसायला लागला. आधीच्या हुशार माणसानं लाइटच्या मागचे ॲडजस्टमेंटचे स्क्रू पिळून पडलेली लाइट जबरदस्तीनं वर उचलली होती, त्यालाच तो रिपेअर म्हणत होता.

तेव्हा मी म्हटलं आता उघडाच. बॅलास्ट पाहिले, दोन्हींवर २०११ चं स्टिकर, स्क्रूला गंज, कोणाचा हात लागल्याची खूण नाही. म्हणजे १६,००० हवेत. बल्ब मात्र बदलले होते. डी१एस (बल्बचा प्रकार) लिहिलेलं, पण अक्षरं वाकडी, कंपनीचं नाव नाही, वर ६००० के, म्हणजे केल्विन, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. कंपनीतून येणारा झेनॉन ४,३०० च्या जवळपास असते, दुधाळ पांढरा. घरी येऊन डॉक्टरसाहेबांनी दिलेली फाइल काढली, त्यात बिल सापडलं, गाडी विकायच्या सहा महिने आधीच त्यांनी दोन्ही बल्ब शोरूममध्ये बदलले होते. ते बल्ब त्या चकाचक दुकानानं काढून ठेवून घेतले, आणि मी त्याला वरून पैसे दिले.

भांडायला गेलो. "जुना माल आम्ही फेकून देतो," म्हणे, आणि "तुम्हीच म्हटलं बदला." खूप बोलाचाली झाल्यावर ४,००० वापस दिले, बाकीचं विसरा.

आता एवढं शिकलो ते सांगतो. झेनॉनमध्ये तार नसते, दोन टोकांमध्ये वायूतून ठिणगी पेटते, पेटायला २० हजार व्होल्टच्या वर झटका लागतो, मग ३५ वॉटवर चालते, म्हणून स्वतः हात घालू नका. बल्ब ठीकठाक २,००० तास चालतो, म्हातारा झाला की गुलाबी-जांभळट होतो, लपलप करतो, मधेच विझतो. एकदम खाली पडत नाही. एकाच बाजूचा विझला तर मेकॅनिकला म्हणा लाइट बंद करून डावा-उजवा बल्ब अदलाबदल कर. खराबी बल्बसोबत दुसरीकडे गेली तर बल्ब, जागेवरच राहिली तर बॅलास्ट किंवा वायर. दोन्ही संगं खाली पडल्या तर पैसे काढायच्या आधी गाडीखाली वाकून दांडी पाहा. गाडी घेतानाही रात्री भिंतीसमोर उभी करून चालू करा, कितीतरी गाड्यांमध्ये लाइट एकदा खाली जाऊन वर येते, तेच हवं. नाही हालली तर भाव पाडा. आणि काढलेला पार्ट पिशवीत टाकून मागून घ्या, दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी.

माझ्या गाडीत अजून ते निळेच बल्ब आहेत. गोदामाच्या भिंतीवर चुन्यानं रेघ मारली आहे, स्क्रू फिरवून उजेड तिच्यावर आणून ठेवला, कापूस विकला की ओरिजिनल जोडी टाकतो. तोपर्यंत रात्रीचं कारंज्याला जाणं बंद.