उघड्या मानेच्या ‘शुद्ध’ कोंबड्या: देवगड-मालवणवाल्यांनो, आधी हे वाचा

एक कोंबडा २,५०० रुपये, नऊ तलंगा प्रत्येकी १,८००, वर ‘करारनामा शुल्क’ ३,०००. उघड्या मानेच्या ‘शुद्ध’ कोंबड्या म्हणून विकणाऱ्या त्या माणसाने माझ्याकडून एकूण २१,७०० रुपये रोख मोजून घेतले. रोख देऊ नका कोणाला!

होणारी पिल्लं विकत घेण्याची हमी, मग फोन बंद, ही तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहेच. याने मात्र विज्ञान पुढे केलं. वहीच्या पानावर पनेटची चौकट काढली, म्हणजे आई-बापाच्या जनुकांवरून पिल्लं कशी निघतील ते दाखवणारा तक्ता. “वहिनी, उ म्हणजे उघडी मान. कोंबडा उउ, कोंबडी उउ. चारही घरांत उउच येणार. एक पिल्लू पिसांच्या मानेचं निघालं तर पैसे परत.” चौकट बरोबर होती, पक्षी खोटे होते. ते सगळे उप होते, म्हणजे एक जनुक उघड्या मानेचं, एक पिसांच्या मानेचं.

उघडी मान हा अपूर्ण प्रभावितेचा गुण. दोन्ही जनुकं उघड्या मानेची असली तर मान जवळजवळ साफ असते. एकच असलं तर मानेच्या पुढच्या बाजूला, खाद्यपिशवीच्या वर, पिसांचा पुंजका राहतो. त्या कोंबड्याला पुंजका होता! मी बोट ठेवून विचारलंसुद्धा. “कोवळा आहे, झडेल,” म्हणाला. आणि करारातलं सातवं कलम? ‘मानेवर पुंजका असलेली पिल्लं स्वीकारली जाणार नाहीत.’ म्हणजे पुंजक्याचा अर्थ त्याला पक्का माहीत होता. तो कोंबडा आणि ते कलम एकाच वेळी माझ्या डोळ्यांसमोर होतं, हे आठवलं की अंगाची आग होते. पण बीकॉम झालेल्या बाईला जनुकं कुठून कळणार? आणि आपल्या दमट उकाड्यात हा पक्षी तग धरतो, हे खरंच आहे. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनेही याच गुणाचे संकर केलेत. लोभापायी नाही घेतल्या मी.

४७ पिल्लं जगली. १२ पूर्ण पिसांची, २४ पुंजक्याची, ११ साफ मानेची. बारावीतल्या मुलीने उप आणि उप यांची चौकट मांडली: एकास दोनास एक. ती ११ सुद्धा त्याने उचलली नाहीत.

पोलीस म्हणाले, “कोंबड्या मिळाल्या ना? मग हा दिवाणी मामला.” फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, ते मी सांगायचं का त्यांना? पशुवैद्यकीय दवाखान्यात पुंजक्याबद्दल दोन ओळी लिहून मागितल्या, तर “रोग असेल तर या.” पंचायत समितीने पुन्हा पोलिसांकडे धाडलं. ग्राहक आयोगातला कारकून म्हणाला, “धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही.” साफ चूक! २०१९ च्या कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच धरला आहे. हे तोंडावर सांगितलं, तर “साहेब रजेवर आहेत.” पगार कशाचा घेतात ही माणसं?

कोणी ‘शुद्ध’ म्हणाला तर त्याच कोंबड्याची साध्या गावठी कोंबडीपासून झालेली पिल्लं दाखवायला लावा. कोंबडा शुद्ध असेल तर सगळी उघड्या मानेची निघतात, नसेल तर साधारण निम्मी पिसांची. दाखवायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा. करार आधी घरी आणून वाचा.

असाच करार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी कागद फाडू नका. कोंबड्याच्या मानेचे फोटो तारखेसह काढा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, आणि सातवं कलम तक्रारीत जसंच्या तसं उतरवा.