डिफेंडरची ती ५० सेकंदं: अंबडमधल्या १८ पीसींवर ८ महिने वापरून

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं टूलरूम आहे, १८ पीसी, सगळे विंडोज प्रो, आणि अकाउंट्स बघता बघता तेही माझ्याच गळ्यात पडलेत. आधी विकतचा अँटीव्हायरस होता, पण रिन्यूअलला डीलरने पैसे घेतले आणि ११ दिवस लायसन्स की दिली नाही, फोन केला की "आज संध्याकाळी बघतो". शेवटी भांडून पैसे परत घेतले आणि विंडोजमधलाच डिफेंडर नीट सेट करायचं ठरवलं.

डोमेन (सगळे पीसी एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय) नाही, त्यामुळे प्रत्येक पीसीवर बसून ग्रुप पॉलिसीतून (विंडोजचे नियम लावायची जागा) सेटिंग लावली. क्लाउड लेव्हल हाय, ब्लॉक ॲट फर्स्ट साइट चालू. म्हणजे नेटवरून अनोळखी फाइल आली की उघडण्याआधी ती अडवून मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला विचारतं, मुळात १० सेकंदं, मी वरची ५० पण दिली म्हणजे फार तर मिनिटभर. तरी पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत होतो की काही विशेष नाही, नुसतं नाव मोठं.

ते मी मागे घेतो. सॅम्पल (संशय आलेली फाइल तपासायला मायक्रोसॉफ्टकडे) पाठवायचं सेटिंग मीच 'कधीच पाठवू नका' करून ठेवलं होतं, कारण शेठ म्हणाले होते, "आपली ड्रॉइंग बाहेर जायला नकोत बरं का." ते तसं असलं की फर्स्ट साइट चालतच नाही! प्लीज, बाकी काही बघू नका पण हे एक आधी बघा. 'सेफ सॅम्पल' ठेवलं की ईएक्सई, डीएलएल असल्या प्रोग्रॅमच्या फायली आपोआप जातात, खासगी माहिती असेल असं वाटलं तर आधी विचारतं. एवढं समजावल्यावर शेठ तयार झाले.

पुढच्याच महिन्यात परचेसच्या ताईंनी पेमेंटच्या मेलमधली झिप उघडली, आत जेएस (जावास्क्रिप्ट, उघडली की चालणारी) फाइल. "दादा, हे अडकलंय बघा." मी जाईपर्यंत ब्लॉक झाली होती. त्याच पीसीवरून सगळ्या जॉबच्या ड्रॉइंगचं शेअर्ड फोल्डर उघडतं, हात थरथरत होते माझे.

राहिला पेनड्राइव्ह. व्हीएमसी मशीनवाले एफएटी३२ (जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले) पेनड्राइव्ह फिरवतात, त्यावर कॉपी झालं की 'नेटवरून आलेली फाइल' हा शिक्काच पुसला जातो, मग ही थांबवाथांबवी होत नाही, फक्त नेहमीचं स्कॅन. म्हणून आता बाहेरचा पेनड्राइव्ह फक्त माझ्या पीसीला, मशीनचे प्रोग्रॅम तिथून लॅनवर. ऑपरेटर चिडतात, चिडू देत.