गच्चीवरचा हॉट टब की बाथरूममधली जकुझी? पुण्यातल्या घरासाठी काय घ्यावं

गच्चीवर हवा भरून ठेवायचा हॉट टब घ्यायचा का बाथरूममध्ये जकुझी बसवायची असं चाललं असेल तर किंमत नि जेट किती ते नंतर बघा, आधी हे बघा की टबातलं पाणी किती दिवस तेच राहणारे. गच्चीवरच्या टबात ८००-१००० लिटर पाणी, आठवडेच्या आठवडे तेच. जकुझीत साधारण २०० लिटर, वापर झाला की सोडून द्यायचं. माझ्या मते खरा फरक इथेच आहे.

कारण गरम पाण्यात क्लोरीन पटकन उतरतं, जेट चालू असले की अजून पटकन, आणि ते उतरलं की स्युडोमोनास नावाचा जंतू वाढतो, अंगभर खाजणाऱ्या पुळ्या येतात, आणि लेजिओनेला हा दुसरा जंतू तर बारीक तुषारांतून फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. म्हणून क्लोरीन किमान ३ पीपीएम (म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम), पीएच म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कपणा ७ ते ७.८, हे टेस्ट स्ट्रिप बुडवून बघायचं आणि मगच आत उतरायचं, पाणी नितळ दिसतंय यावर जाऊ नका. घरात हे नेमाने बघणारं कुणी नसेल तर गच्चीवरचा टब नकोच. जकुझीला ही कटकट कमी, पण तिच्याही पाइपात थोडं पाणी राहतं, ते मधूनमधून साफ करावं लागतं.

मग वजन. १००० लिटर म्हणजे १ टन, वर चार मोठी माणसं, म्हणजे २ मीटर व्यासाच्या टबाखाली चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास भार येतो, आणि वापरातली गच्ची साधारण १५० किलोच्या हिशोबाने डिझाइन केलेली असते. कोथरूडकडच्या जुन्या सोसायट्यांत तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टब वर चढवूच नका, सोसायटीची परवानगी ही वेगळी गोष्ट. अंगणात जमिनीवर ठेवणार असाल तर प्रश्न मिटला.

खर्चाचं म्हणाल तर १००० लिटर पाणी २० वरून ४० डिग्रीला न्यायला २३ युनिट तरी लागतात, २ किलोवॅटच्या हीटरला अकरा-बारा तास. जकुझीला पाच युनिटच्या आत भागतं, पण नेहमीचा १५-२५ लिटरचा गिझर पुरत नाही, सोलर असेल तर मात्र मस्त.

दोन्हीकडे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. पाणी ४० डिग्रीच्या वर नको, आणि १५ मिनिटांत बाहेर. पाच वर्षांखालची मुलं आत नकोत, गरोदर बाई, बीपी किंवा हार्टचा पेशंट असेल तर आधी डॉक्टर, शुगरवाल्यांना पायाला चटका कधीकधी कळत नाही म्हणून थर्मामीटर लावूनच, आणि दारू पिऊन तर कुणीच उतरायचं नाही. केस वर बांधा, पाणी ओढणाऱ्या सक्शनमध्ये अडकतात, आणि त्या सक्शनची जाळी तुटली असेल तर टब बंद. गच्चीवरच्या टबाला कुलपाचं झाकण हवंच, लहान मुलं गच्चीवर खेळायला जातातच.

फ्लॅट असेल तर मी जकुझीच म्हणेन.